शाळेतला समुपदेशक: खोलीत बसून वाट पाहायची की वर्गावर जायचं? (सांगली-सातारा)

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. पलूस तालुक्यातल्या एका माध्यमिक विद्यालयात यंदा समुपदेशक म्हणून रुजू झाले आहे. पाचवी ते दहावी, पट साधारण अकराशे, तुकड्या बावीस. संस्थेने पद भरलं, खोली दिली, पण काम नेमकं काय हे कुणाच्याच डोक्यात स्पष्ट नाही. मुख्याध्यापक म्हणतात, ऑफ तासिका घ्या आणि शिस्त समितीतही बसा. शिक्षक 'ह्यो लई त्रास देतोय, जरा समजावा' म्हणून मुलं पाठवतात. त्यामुळे माझ्या दारात उभं राहणं म्हणजे शिक्षा, असा अर्थ झालाय. आपणहून कुणी येत नाही.
पहिल्या सत्राची आखणी कशी करावी? आणि मुलाने सांगितलेलं पालकांना, वर्गशिक्षकांना किती सांगायचं? 'मुलांशी प्रेमाने वागा' हे माहीत आहे. त्याच्या पुढचं सांगा.

शाळाबाई_कराड
ताई, आधी शिस्त समितीतून बाहेर पडा, आणि ते लेखी करा. मूल ज्याच्याजवळ मन मोकळं करतं तोच माणूस शिक्षा ठरवायला बसला तर पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही. मुख्याध्यापकांना नुसता नकार देऊ नका, पर्याय द्या: 'समितीचा निर्णय झाला की ते मूल माझ्याकडे पाठवा, पुढचे चार आठवडे मी त्याच्याबरोबर काम करते. निर्णय घेताना मी नको.' हे बहुतेक जण मान्य करतात, कारण त्यांना हवं असतं ते हेच, की तेच मूल पुन्हा समितीपुढे येऊ नये.
शिक्षकांसाठी अर्ध्या पानाचा पाठवणी फॉर्म करा. त्यात स्वभावाबद्दल रकानाच ठेवू नका. 'आळशी', 'उर्मट', 'घरचे लक्ष देत नाहीत' असं लिहायला जागाच नको. काय दिसलं, किती वेळा, कधीपासून, कोणत्या तासिकेला, एवढंच. 'तीन आठवड्यांत चारदा वही नाही, मधल्या सुट्टीत एकटा बसतो, पूर्वी असं नव्हतं' एवढ्यावर तुम्हाला दिशा मिळते. आणि लिहायला बसलं की शिक्षकाचा अर्धा राग उतरतो, हा जादाचा फायदा.

अजिंक्यतारा
ऑफ तासिकांबद्दल मी म्हणेन, घ्या. वर्गात पाय ठेवायची तीच संधी आहे. अकराशे मुलांना तुम्ही कोण हे कळणार कसं?

शाळाबाई_कराड
अजिंक्यतारा सर, वर्गावर जायलाच हवं, पण ऑफ तासिकेवर नको. ऑफ तासिकेला आपण 'गप्प बसवायला आलेल्या बाई' असतो. पोरं मैदानावर सोडा म्हणतात, शेजारच्या वर्गातून गोंगाटाची तक्रार येते, आणि पुढच्या वेळी नाव पुन्हा तुमचंच लागतं. त्याऐवजी वेळापत्रकात नाव घालून दर पंधरवड्याला प्रत्येक तुकडीची एक तासिका मागा. बावीस तुकड्या म्हणजे आठवड्याला अकरा तासिका. उरलेला वेळ गटांना, एकेका मुलाला आणि नोंदींना.

मानदेशी
खोलीबद्दल. ती मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून असेल तर बदलून मागा. ग्रंथालयाशेजारची सगळ्यात चांगली, कारण तिकडे जाणारं मूल कशासाठी चाललंय ते कळत नाही. दाराला काचेची पट्टी असावी: आतलं दिसावं, ऐकू येऊ नये. खुर्च्या समोरासमोर न ठेवता काटकोनात ठेवा, मुलाला नजर चुकवायला जागा राहते. घड्याळ मुलाच्या पाठीमागच्या भिंतीवर, म्हणजे तुम्हाला सारखं मनगट बघावं लागत नाही.
'समुपदेशक बाईंनी बोलावलंय' असा निरोप शिपाईमामांकरवी भर वर्गात पाठवू नका. 'कार्यालयात बोलावलंय' एवढाच निरोप सगळ्या कामांसाठी एकसारखा ठेवा.
आता चिठ्ठ्यांचं. भिंतीवर टांगलेली तक्रारपेटी बहुधा रिकामीच राहते, कारण पेटीजवळ कोण गेलं ते अख्ख्या व्हरांड्याला दिसतं. वर्गात एकाच आकाराचे कागद सगळ्यांना वाटा. वर तुकडी आणि हजेरी क्रमांक, नाव नको. मग तीन ओळी: 'या आठवड्यात बरं काय झालं', 'जड काय गेलं', 'बाईंशी बोलायचं आहे: होय / नाही / आत्ता नको'. सगळ्यांनी लिहायचं, सगळ्यांनी दोन घड्या घालायच्या, सगळ्यांनी द्यायचं. ज्याला काही सांगायचं नाही त्याचंही पेन चालू असतं, म्हणून ज्याला सांगायचंय तो उठून दिसत नाही. 'आत्ता नको' हा पर्याय काढू नका. त्यावर खूण करणारी मुलं पुढच्या एक-दोन फेऱ्यांत 'होय'वर येतात.

जावळीची
'आत्ता नको' हे फार आवडलं. +१

कृष्णाकाठची
मानदेशी, चिठ्ठी लगेच घेते. पण हजेरी क्रमांक असला की मुलं बिचकणार नाहीत का?

मानदेशी
काही बिचकतील. पण बिननावाच्या चिठ्ठीत 'मला जगावंसं वाटत नाही' असं आलं तर पन्नास जणांत शोधायचं कसं? क्रमांक कशासाठी आहे आणि कागद कोण वाचणार हे वाटायच्या आधी वर्गाला सांगा. कागद तुमच्याशिवाय कुणाच्या हाती पडू नये, वर्गशिक्षकांच्याही नाही.

वकीली_सातारा
'किती सांगायचं' याचं उत्तर पहिल्या भेटीतच मुलाला द्यायचं असतं, नंतर नाही. शब्द साधारण असे: 'तू इथे बोललेलं मी बाहेर सांगत नाही. तीन गोष्टी सोडून. तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुला मारत असेल, नको तिथे हात लावत असेल. तेव्हा मला मोठ्या माणसांची मदत घ्यावी लागेल, पण आधी तुला सांगून.' हे ऐकून मूल थोडं थांबलं तरी चालेल. 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन कधीही देऊ नका, ते पाळता येत नाही.
कायदा असा: १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा तशी शक्यता वाटली, तरी पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. 'शाळेची बदनामी होईल, आपसात मिटवू' हा मार्ग कायद्यात नाही.
तपास तुम्ही करायचा नाही. 'कुठे, कसं, किती वेळा, मग तू ओरडली का नाहीस' असे प्रश्न नकोत. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहा. 'अनुचित स्पर्श' असं शुद्ध मराठी करू नका. ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलावून जाब विचारू नका. मुलाला एवढं सांगा: सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही, आता पुढे काय होईल. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा आहे आणि त्या वेळी पोलीस गणवेशात नसावेत, हे पालकांना आधीच सांगून ठेवा. ठाण्यात जाण्याच्या भीतीनेच पुष्कळ घरं मागे फिरतात. चाइल्डलाइनचा १०९८ दर्शनी भागात लावा, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या आतल्या भिंतीवरही.

तासगावकर
वकीलसाहेबांच्या तीन अपवादांतल्या पहिल्याबद्दल लिहितो.
शंका आली तर सरळ विचारा. 'कधी असं वाटतं का, की जगूच नये?' विचारल्याने मनात नसलेलं येतं हा गैरसमज आहे, उलट मुलाला सुटल्यासारखं होतं. पुढचा प्रश्न: 'तसं काही करायचं मनात आलंय का?' उत्तर 'हो' असेल तर त्या क्षणापासून मुलाला एकटं ठेवायचं नाही, पाणी प्यायलाही कुणीतरी सोबत. पालकांना त्याच दिवशी शाळेत बोलावून मूल त्यांच्या हाती द्यायचं, एसटीत एकटं बसवून द्यायचं नाही. पालक पोहोचेपर्यंत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर बोलता येतं: १४४१६, चोवीस तास, मराठीतही.
पालकांशी बोलताना आपल्या भागात एक मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडे घरोघर द्राक्षबाग आहे आणि फवारणीची औषधं पडवीत, गोठ्यात, कधी कॉटखाली असतात. ती आजच कुलपात गेली पाहिजेत, किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे. घरातल्या वृद्धांच्या गोळ्यांचंही तेच. तीव्र इच्छेची लाट पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते. त्या वेळात हाताशी काही नसलं तर जीव वाचतो, म्हणून हे काम औषधोपचाराइतकंच मोलाचं आहे. 'नुसती भीती घालतोय हो पोरगा' असं वडील म्हणाले तर वाद घालू नका. 'तुमचंच खरं ठरो, पण कुलूप आज लावा' एवढंच म्हणा, आणि लावल्याचं संध्याकाळी फोन करून विचारा.
'मी असं काही करणार नाही' असं मुलाकडून लिहून घेऊ नका. त्याचा उपयोग होत नाही, आणि पुन्हा तसं वाटलं तर वचन मोडल्याच्या लाजेने ते लपवतं. त्याऐवजी अर्ध्या पानावर त्याच्याच शब्दांत आराखडा लिहा: मन बिघडायला लागलं की आधी काय होतं, तेव्हा एकट्याने काय करता येतं, कुणाजवळ जाऊन बसता येतं, मदत कुणाला मागायची (दोन नावं, दोन नंबर), घरातलं काय दूर ठेवलंय. कागदाची एक प्रत मुलाकडे, एक तुमच्याकडे. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासिकेआधी भेट ठरलेलीच असावी.

मिरजकर_ओपीडी
तासगावकरांना पूर्ण अनुमोदन. अशा मुलाला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग आहे, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय. चिठ्ठीवर निदान लिहू नका, काय दिसलं ते चार ओळींत लिहा. आणि पालकांना 'दाखवून आणा' म्हणून सोडू नका. वार, खोली, केसपेपर कुठे काढायचा हे कागदावर लिहून द्या. पहिल्या खेपेला खिडकीवरून परत गेलेलं कुटुंब दुसऱ्यांदा येत नाही.
अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाचं मन तपासायच्या आधी डोळे, कान आणि रक्त तपासा. फळ्यावरचं न दिसणारं मूल 'लक्ष देत नाही' म्हणून बसवलं जातं. हिमोग्लोबिन कमी असलेली मुलगी 'आळशी' ठरते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा तुमची यादी तयार ठेवा.
बोलण्यात हुशार, लिहिण्यात अक्षरांची उलटापालट, मोठ्याने वाचायला नको म्हणणारं मूल असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. तपासणीला महिने लागतात, त्यामुळे दहावीच्या दिवाळीत धावपळ करून उपयोग नाही. आठवीतच सुरुवात करा.

हळदपेव
सगळं गंभीर चाललंय, पण रोजच्या कामात सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे सोमवारचं पोटदुखीचं पोरगं. 'शाळा' म्हटलं की कळ, अकरा वाजले की बरं. हे नाटक नसतं. भीतीने खरंच पोटात कळ येते, आणि घरी राहिलं की ती थांबते म्हणून दर वेळी शाळा आणखी अवघड होते.
आधी कारण शोधा: एसटीत शेजारी कोण बसतं, कोणत्या तासिकेला छडी असते, घरी कुणी आजारी आहे का. मग पायऱ्या. पहिले दोन दिवस फाटकापर्यंत येऊन ग्रंथालयात एक तासिका. मग आवडत्या विषयाच्या दोन. मग मधल्या सुट्टीपर्यंत, एका ठरलेल्या सोबत्याबरोबर. मग पूर्ण दिवस. एखाद्या पायरीवर अडलं तर तिथेच थांबा, मागे जाऊ नका. फाटकावर आजोबांनी तिसऱ्यांदा मागे वळून 'रडू नको हं बाळा' म्हटलं की सगळं मुसळ केरात. 'संध्याकाळी येतो' म्हणायचं आणि निघायचं. शाळा बुडलीच तर शाळेच्या वेळेत घरी टीव्ही-मोबाईल नाही.
गणिताच्या तासाचीच कळ असेल तर पोराबरोबर गणिताच्या सरांशीही बोला.

विटेकर
हळदपेव यांनी आजोबा म्हटलं, त्याला आपल्याकडे कारण आहे. खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी कुटुंबं गलाई व्यवसायात आहेत. आई-वडील तमिळनाडूत नाहीतर उत्तरेत सोनं-चांदी गाळायला, पोरगं आजी-आजोबांकडे. पालकसभेला आजी येते आणि 'मला काय कळतंय बाई' म्हणते. वडिलांशी व्हिडिओ कॉल लावा, पण दुकानाच्या गर्दीच्या वेळी नाही, रात्री नऊनंतर. या मुलांचा नाजूक काळ दिवाळीत नसतो, दिवाळीनंतर आई-बाप परत जातात त्या आठवड्यात असतो. आठ-दहा जणांचा गट त्याच आठवड्यात ठेवा.
ऊसतोड कुटुंबांची मुलं दिवाळीच्या आगेमागे येतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की जातात. त्यांच्याशी वर्षभराचं काम काढू नका. पहिल्या दिवशी एक सोबती जोडून द्या, तीन-चार छोट्या भेटी घ्या, निघायच्या आधी नीट निरोप द्या. न सांगता निघून जाण्याची त्यांना सवय असते, ती शाळेने वाढवू नये.

जावळीची
आमच्याकडे तेच, फक्त गलाईऐवजी मुंबईची माथाडी. आणि पाटणकडच्या शाळांत २०२१ च्या जुलैनंतर आणखी एक गोष्ट आली. आंबेघर, मिरगाव, ढोकावळेला दरडी कोसळल्या, तेव्हापासून रात्रीचा जोराचा पाऊस झाला की सकाळी पोरं पेंगलेली असतात. अशा दिवशी चाचणी घेऊ नका, एवढं मुख्याध्यापकांकडून मान्य करून घ्या.

कृष्णाकाठची
जावळीची, आमच्याकडे पुराचं तसंच. २०१९ ला पाणी पाहिलेली मुलं आता वरच्या वर्गांत आहेत. पाऊस लागला की मोबाईलवर सारखं 'आयर्विनला किती झालं' (सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी) चालू होतं. अशा वेळी वर्गात काय बोलावं?

अजिंक्यतारा
'काही होत नाही' असं म्हणू नका. त्यांनी होताना पाहिलंय, एका वाक्यात तुमचा शब्द जाईल. आकडा टाळूही नका. दिवसातून एकदा, परिपाठाला, एकाच खात्रीच्या ठिकाणचा आकडा फळ्यावर लिहा: आज इतके फूट, इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५. मग हाताला काम द्या. दप्तरातली पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत घाला, घरातल्या दोघांचे मोबाईल नंबर पाठ करा, गाव उठलं तर कुठे जायचं ते घरी विचारून या. काम हातात असलं की भीती आटोक्यात राहते.
तरीही एखादं मूल थरथरायला लागलं तर पाय जमिनीवर घट्ट टेकवून, दिसणाऱ्या पाच वस्तू, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव, असं मोठ्याने सांगायला लावा. हे शांत दिवशी वर्गात खेळ म्हणून शिकवलेलं असावं. घाबरल्यावर पहिल्यांदा शिकवलं तर डोक्यात शिरत नाही.

नववी_ब
एक वादाचं विचारतो. नववीतली मुलगी, इन्स्टावर एका मुलाशी बोलते, घरच्यांना कळलं तर शाळा बंद होईल. पालकांना सांगायचं की नाही? माझं मत, सांगायलाच हवं. मुलगी त्यांची आहे.

शाळाबाई_कराड
नुसतं बोलणं असेल तर मी सांगणार नाही. तुम्ही म्हणता तेच होईल: शाळा बंद, मग लग्नाची बोलणी. जपायला गेलो आणि शिक्षणच गेलं. मुलीशी बोलावं: मुलाचं वय काय, प्रत्यक्ष पाहिलाय का, फोटो मागतो का, 'कुणाला सांगू नको' म्हणतो का.

वकीली_सातारा
शाळाबाईंच्या प्रश्नांतच रेषा आहे. मुलगा सज्ञान असेल, फोटो मागत असेल, धमकावत असेल, भेटीला बोलावत असेल, तर ती गुप्त ठेवायची गोष्ट राहत नाही. शरीरसंबंध असेल तर १८ च्या आत संमतीचा प्रश्नच कायद्यात येत नाही. आणि लग्न ठरतंय असं कळलं तर १०९८ ला कळवा. बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणून ग्रामीण भागात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) असतात, त्यांनाही.

नववी_ब
शाळा बंद होण्याचा मुद्दा पटला. तरी घरी अजिबात काही न सांगणं मला जड जातं.

शाळाबाई_कराड
जड जाणारच. मधला रस्ता असा की मुलीनेच घरातलं एक माणूस निवडायचं, मामी, आत्या, मोठी बहीण, आणि तिच्याशी बोलताना तुम्ही शेजारी बसायचं. पुष्कळ मुलींच्या मनात असं माणूस आधीच असतं.

मावशी_वाई
मुलींचा विषय निघाला म्हणून. दर महिन्याला तीन-चार दिवस ठरावीक मुली गैरहजर दिसल्या तर समुपदेशनाआधी स्वच्छतागृहाची कडी, पाणी आणि झाकणाची कचरापेटी तपासा. हजेरीपट चाळला की आपोआप कळतं. आणि भेटी शाळा सुटल्यावर ठेवू नका. पासवाल्या मुलींची साडेपाचची एसटी चुकली तर पुढची गाडी अंधारातच, आणि घरी उत्तर द्यावं लागतं.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. मुख्याध्यापकांशी बोलले, शिस्त समितीतून सुटका झाली आणि पंधरवड्याच्या तासिका मान्य झाल्या. शाळाबाईंचं वाक्य जसंच्या तसं वापरलं. आराखडा असा: जुलैत सर्व तुकड्यांची ओळख आणि तीन अपवाद, ऑगस्टपासून चिठ्ठ्या, शिक्षकांसाठी फॉर्म आणि एक तासाची बैठक, दिवाळीनंतरच्या आठवड्यात आजीकडे राहणाऱ्यांचा गट, नोंदी नावाऐवजी सांकेतिक क्रमांकाने, कुलपाच्या कपाटात. चिठ्ठ्या शनिवारच्या सकाळच्या शाळेत घ्याव्यात म्हणते, रविवारी निवांत वाचता येतील. काही राहिलंय का?

वकीली_सातारा
पद टिकवण्याचा प्रश्न आला तर एक माहिती हाताशी ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा असं सांगितलं आहे. कमी पटाच्या शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं आहे. गुणांवरून तुकड्या पाडणं आणि चारचौघांत अपमान करणं टाळा, हेही त्यात आहे. 'अ म्हणजे हुशार, ड म्हणजे ढ' हे तुमच्या शाळेत असेल तर बैठकीत मांडा.

मानदेशी
आराखडा छान आहे, शनिवार तेवढा बदला. एखाद्या मुलाने त्या कागदावर जिवावरचं लिहिलं तर तुम्ही रविवारी घरी बसून वाचणार आणि ते मूल सोमवारपर्यंत एकटं असणार. मंगळवार-बुधवार धरा, एका दिवशी दोनच तुकड्या, पहिल्या दोन तासिकांत. शंभरएक चिठ्ठ्या मधल्या सुट्टीपर्यंत वाचून होतात, आणि ज्याला आजच भेटायला हवं ते मूल एसटी सुटायच्या आत भेटतं.